मदत हवी आहे: घरून भाजणी-मेतकूट विकायचंय, रीतसर सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी झालीये पण प्लीज पूर्ण वाचा.

मी नाशिकला राहते, सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके. माझ्या सासूबाईंच्या हातची चकलीची भाजणी, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट गेली तीन वर्षं नातेवाइकांत आणि मिस्टरांच्या ऑफिसात जातंय. आधी नुसतं असंच द्यायचो, मग लोकच म्हणायला लागले की पैसे घ्या नाहीतर परत मागायला संकोच वाटतो, आणि मागच्या दिवाळीत ६२ किलो गेलं. सगळं आम्ही दोघींनीच धुऊन, वाळवून, भाजून केलं. आई एकेक डाळ वेगळी भाजतात, मंद आचेवर, तांदूळ हाताला हलका लागला की उतरवतात, त्यात घाई करू देत नाहीत.

आता अडचण अशी झाली की गच्चीवर धान्य वाळत घातलेलं बघून कोणीतरी सेक्रेटरींकडे तक्रार केली की यांच्या घरात धंदा चालतो, परमिशन नाही काही नाही. ते घरी आले, बोलले नीटच, पण आईंना फार लागलं. "आपण काय चोरी करतोय का गं?" म्हणाल्या आणि तेव्हापासून त्यांनी कढईच लावली नाही. मला ते बघवत नाही हो. ६८ वर्षांच्या आहेत, आयुष्यभर घरचंच केलं, आत्ता कुठे स्वतःच्या हातच्या कामाचे पैसे बघत होत्या. म्हणून मला सगळे कागद व्यवस्थित करायचेत, की उद्या कोणी विचारलं तर समोर ठेवता आले पाहिजेत.

एका एजंटने सगळ्याचे मिळून ६००० सांगितलेत. एवढे लागतात का? फूडचं लायसन्स, गुमास्ता (दुकान-धंद्याची नोंदणी), जीएसटी यातलं आत्ता नक्की काय लागतं? बेंगळुरूच्या एक ओळखीच्या बाई दर महिन्याला १५ पाकिटं कुरियरने मागतायत, ती पाठवू ना? लाइट मीटर कमर्शियल करायला लावतील का? आणि भाव, तो तर मला अजिबात जमत नाहीये, धान्य, गिरणी, पाऊच धरून किलोला साधारण १३५ पडतात आणि आम्ही २२० ला देतो, ते बरोबर आहे का?

प्रतिसाद १

ताई, मी २०२१ पासून ठाण्यात घरून मसाले करते, त्यामुळे यातून गेलेय. एजंटला पैसे देऊ नका. पहिलं काम एफएसएसएआयचं, म्हणजे फूडचं लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेचं, साधं रजिस्ट्रेशन, त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर स्वतः भरता येतं, मी काढलं तेव्हा १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांना वर्षाला १०० रुपये फी होती. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा तयार ठेवा. १४ आकडी नंबर येतो तो प्रत्येक पाकिटावर छापायचा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तर पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, तिचे पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. हे दोन कागद झाले की बँकेत करंट अकाउंटला पण उपयोगी पडतात.

जीएसटी: आपल्या राज्यातच माल विकत असाल तर ४० लाखांपर्यंत लागत नाही. पण बेंगळुरूला थांबा! टॅक्स लागणारा माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते, पॅकबंद भाजणी त्यातच येते. १५ पाकिटांसाठी रिटर्नचे व्याप आत्ता नका घेऊ, त्या बाईंचं कोणी इकडे येणारं असेल तर नाशिकमध्येच घेऊन जाऊ दे.

लेबलवर घटक जास्तीपासून कमीकडे या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, पॅकिंगची तारीख, बॅच नंबर, किती दिवसांत वापरायचं, तुमचा पत्ता-फोन आणि हिरवा ठिपका. मेतकुटात गहू असतो, बाजारच्या हिंगातही बहुतेक पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा ग्लुटेन आहे हे स्पष्ट लिहा, कोणाच्या तब्येतीचा प्रश्न असतो. स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, वैधमापनचा, म्हणजे सरकारी वजन-माप खात्याचा, शिक्का असलेलाच घ्या. आणि घरगुती लाल सिलेंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, तिथे १९ किलोचा कमर्शियल लागतो, हे सगळेच विसरतात.

भावाबद्दल, तुम्ही दोघींचे तास धरलेच नाहीत. १० किलोला किती तास लागले ते एकदा वहीत लिहा, तासाचे निदान १०० धरा आणि मग बघा २२० मध्ये काय उरतं ते. मी दोन वर्षं हीच चूक केली. आईंचं काम फुकट का धरायचं?

प्रतिसाद २

लाइटचं मी सांगतो. महावितरणच्या घरगुती दरातच सोय आहे, घराच्या काही भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३६०० च्या आत असेल तर घरगुतीच दर लागतो. त्यामुळे इलेक्ट्रिक रोस्टर घ्यायच्या आधी बिलं तपासा. आणि गच्ची सगळ्यांची सामायिक जागा आहे, तिथे तक्रार करणाऱ्याचं चुकलं असं नाही म्हणता येणार. कमिटीला साधं पत्र द्या, कोणते दिवस, किती वेळ, झाडून देऊ वगैरे, आणि पोच घ्या. आमच्याकडे एका काकूंना असंच मिळालं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार, सगळं आईंना वाचून दाखवलं. बेंगळुरूच्या बाईंना "नाही जमणार" असं कळवलं. पत्र आजच लिहितेय. आईंनी एकच विचारलं, नोंदणीवर नाव कोणाचं येणार? त्यांचं टाकता येईल का? पॅन आहे त्यांचं.

प्रतिसाद १

येईल की ताई! मग फोटो, आधार सगळं त्यांचंच द्या, उद्यम आणि बँक खातंही त्यांच्याच नावावर काढा, आणि पाकिटावरही त्यांचंच नाव येऊ दे.