पुरंदरच्या तहाचं प्रदर्शन : एका पॅनेलवर मजकूर किती?

मीनल_डिझाइन :
गावच्या शाळेत पुरंदरच्या तहावर प्रदर्शन भरवतोय, पॅनेल माझ्याकडे आहेत. माझं मत, एका पॅनेलवर ६०-७० शब्द, बास. मागे तो पिवळट जुना कागद नको, त्यावर चॉकलेटी अक्षर आजी-आजोबांना दिसतच नाही. ग्लॉसी लॅमिनेशन तर नकोच, ट्यूबलाइट चमकते आणि माणूस मान वाकडी करून वाचतो.

भटक्या_सासवड :
अजिबात पटलं नाही. १६६५ चा तह, मोगलांचे सरदार मिर्झाराजे, त्यांचा वेढा, पुरंदर लढवणाऱ्या मुरारबाजींचं मरण, शिवाजी महाराजांनी मोगलांना २३ किल्ले दिले १२ राखले, हे ६० शब्दांत कोंबणार? लोक वाचत नाहीत म्हणून इतिहासच छाटायचा का. आणि जुन्या कागदाने वातावरण तयार होतं, पांढऱ्या फळीवर सरकारी नोटीस वाटेल.

मीनल_डिझाइन :
छाटत नाहीये, चित्रात घालतेय. वर्षाला चार लाख होन (सोन्याची नाणी) वसुलाचा मुलूख गेला, एक लाखाचा राहिला. पाच मोठी नाणी काढायची, चार पोकळ, एक भरीव, चौथीतल्या पोरालाही कळतं किती गेलं ते. नकाशावर पण तसंच, कारण नुसतं लाल-हिरवं केलं तर रंगांधळ्या माणसाला फरक दिसत नाही.

बाळबोध :
जुना कागद हवा तर खरा लावा ना, मोडी पत्राचा फोटो, मोठा. मोडीत आधी ओळभर रेघ मारून मग खाली अक्षरं लिहितात, शब्दांत जागा सोडत नाहीत, हे दाखवलं की पोरं थांबतात. एकच ओळ उचला, खाली अक्षराला अक्षर लावून देवनागरी. बाकी मजकुराला तो वळणदार नकली मोडी फॉन्ट मात्र नको.

सुप्रिया_न :
माझा भाऊ जन्मापासून अंध आहे, तुमची सगळी चर्चा डोळसांची चाललीय. दिवाळीत आम्ही पुरंदर केला होता मातीचा, शेजारी वज्रगड. त्याने खिंडीवरून हात फिरवला आणि म्हणाला, अगं हे तर हातभरावर आहे, इथून तोफ लागणारच. मोगलांनी आधी वज्रगड का घेतला ते त्याला मी सांगायच्या आत कळलं. प्रदर्शनात मात्र सगळीकडे ‘हात लावू नये’.

भटक्या_सासवड :
ताई, मॉडेल मी करतो, लाकडात, माती हातांनी झिजेल. टेबल बुटकं ठेवू, व्हीलचेअरवरूनही हात पोचला पाहिजे. पण मुरारबाजींना ६० शब्द नाही, १५० तरी द्या.

मीनल_डिझाइन :
१०० देते, वेगळ्या पॅनेलवर. जास्त घातले तर ओळी जवळ येऊन वेलांट्या-उकार एकमेकांत घुसतात, ते मी करणार नाही.