हिंसक व्हिडिओ गेमचा निषेध : विरोध की फुकटची जाहिरात?

मूळ धागा
१९७६ साली अमेरिकेत एक्सिडी कंपनीने ‘डेथ रेस’ नावाचे आर्केड यंत्र (नाणे टाकून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र) बाजारात आणले. पडदा कृष्णधवल, समोर मोटारीचे स्टिअरिंग, आणि पळणाऱ्या काडीसारख्या आकृतीला धडक बसली की एक किंचाळी उमटून त्या जागी क्रूस उभा राहायचा, खेळ एवढाच. ही माणसे नसून पिशाच्चे आहेत, असा कंपनीचा खुलासा होता, पण तो कोणाला पटला नाही. नॅशनल सेफ्टी कौन्सिल या अपघात टाळण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने निषेध केला, वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने विषय उचलून धरला, आणि या गदारोळामुळे यंत्राची मागणी वाढली, असे पुढे कंपनीच्याच मंडळींनी सांगितले. ज्या खेळाकडे एरवी कोणी ढुंकूनही पाहिले नसते, त्याला निषेधकर्त्यांनीच घरोघरी पोहोचवले, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
धागाकर्त्यांशी असहमत. गाजलेले खेळ तेवढे आपल्या लक्षात राहतात. दुकानदारांनी मुकाट्याने नाकारलेल्या खेळांची गणती कोण ठेवतो? शिवाय डिसेंबर १९९३मध्ये सिनेटर जोसेफ लीबरमन यांच्या पुढाकाराने अमेरिकी सिनेटमध्ये हिंसक खेळांवर सुनावणी झाली नसती, तर या उद्योगाने १९९४ साली वयानुसार मानांकन देणारे मंडळ आपणहून स्थापन केले असते, हे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आज खोक्यावर वयोगटाचे अक्षर पाहून पालक निर्णय घेऊ शकतात, ते त्या आरडाओरड्यामुळेच.

प्रतिसाद २
त्याच सुनावणीत ‘नाइट ट्रॅप’ या खेळावर आगपाखड झाली होती. त्यात खेळणाऱ्याचे काम मुलींना वाचवण्याचे होते, मारण्याचे नव्हे, पण इतके तपासण्याची तसदी कोण घेणार! दुसरे उदाहरण ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या मारामारीच्या खेळाचे. तो निन्टेन्डो आणि सेगा या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या घरगुती यंत्रांवर आला. १९९३ साली निन्टेन्डोने आपल्या आवृत्तीतले रक्त काढून त्याजागी राखाडी घाम दाखवला. सेगाच्या यंत्रावर मात्र बटणे ठरावीक क्रमाने दाबली की रक्त दिसायचे, आणि खप सेगाचाच जास्त झाला. पुढच्याच वर्षी दुसरा भाग निन्टेन्डोवरही रक्तासकट आला. म्हणजे सोवळे पाळणाऱ्या कंपनीलाच फटका बसला.

प्रतिसाद १ (उत्तर)
तो फटका गिऱ्हाइकांनी दिला, निषेधाने नव्हे. लोकांना रक्त हवे होते, एवढेच त्यावरून सिद्ध होते. म्हणून ज्यांना ते नको त्यांनी तोंड बंद ठेवावे काय?

धागाकर्ता
तोंड बंद ठेवा, असे मी म्हणत नाही. ते उघडण्यापूर्वी विक्रेत्याची चाल ओळखा, एवढेच म्हणतो. जून २००९मध्ये लॉस एंजेलिसला ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाबाहेर काही ‘धार्मिक’ निदर्शक ‘नरक हा खेळ नव्हे’ असे फलक घेऊन ‘दान्तेज इन्फर्नो’ या खेळाविरुद्ध पत्रके वाटत होते. निदर्शक भाड्याचे होते आणि पैसे खेळ काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे होते, हे कंपनीनेच नंतर मान्य केले. निषेधाने धंदा बुडतो असे त्यांना वाटले असते, तर तो विकत घेण्यावर त्यांनी दमडीही खर्च केली नसती.