मदत हवी आहे: कीस्टोअर गेली, अपडेट बसत नाही

नमस्कार मंडळी. हार्ड डिस्क बिघडली आणि आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपची कीस्टोअर फाइलही (अ‍ॅपवर डिजिटल सही करायची गुप्त की जिच्यात असते ती) गेली. बॅकअप नव्हता, चूक माझीच. एपीके (अ‍ॅपची इन्स्टॉल फाइल) आम्ही लोकांना थेट पाठवतो, प्ले स्टोअरवर नाही, त्यामुळे अपलोड की (प्ले स्टोअरवर अ‍ॅप चढवताना वापरायची की) रीसेट करण्याचा मार्गच नाही. नव्या कीने साइन केलेली एपीके जुन्या अ‍ॅपवर बसत नाही. की रोटेशनलाही (जुन्या कीच्या जागी नवी आणण्याची सोय) जुनी की लागतेच. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं तर लोकांच्या 2 वर्षांच्या नोंदी पुसल्या जातील, आणि त्या मला काहीही करून वाचवायच्या आहेत.

अ‍ॅपमध्ये बॅकअपची परवानगी चालू आहे, टार्गेट एपीआय 30 (म्हणजे अँड्रॉइड 11). एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं साधन) वापरून घेतलेल्या बॅकअपमधून एसक्यूलाइट डेटाबेस (नोंदी साठवणारी फाइल) बाहेर काढून नव्या अ‍ॅपमध्ये कोणी भरलाय का? एकेक फोन हातात घेऊन करायचीही तयारी आहे.