जिंकल्यावर चूक सापडली, तर डाव कोणाचा?

सोंगटीवाला:
पँडेमिक या पटावरच्या खेळाबद्दल काल इथे एकाने लिहिलं, 'जिंकल्यावर नियम चुकल्याचं कळलं तर तो डाव हरल्यातच धरायचा, नाहीतर ती फसवणूक.' डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. फसवायला समोर माणूस लागतो. इथे चौघंही एकाच बाजूला, रोगांविरुद्ध.
आमचंही झालं. एपिडेमिकचा, म्हणजे साथ भडकल्याचा पत्ता आला की टाकलेले इन्फेक्शनचे पत्ते (कुठल्या शहरात रोग पडणार ते सांगणारे) पिसून गड्डीच्या वर ठेवायचे असतात. आम्ही ते अख्ख्या गड्डीत मिसळत होतो. चारही रोगांवर औषध सापडलं, आईने टाळ्या वाजवल्या. चूक मला रात्री पुस्तिका चाळताना दिसली. सकाळी सगळ्यांना सांगितली, पण डाव रद्द म्हणालो नाही. म्हणणारही नाही.

नियमाने:
ते मीच लिहिलं होतं. 'फसवणूक' शब्द मागे घेतो, बाकी काही नाही. तो खेळ उभा आहे त्या पिसण्यावर. मुंबईवर रोगाचे तीन क्यूब, म्हणजे ठोकळे, पडले की पोटात गोळा येतो, कारण तोच पत्ता लवकरच पुन्हा वर येणार आणि शेजारच्या कराची, दिल्ली, चेन्नई तिन्हीकडे रोग पसरणार. ती धास्तीच काढलीत, मग जिंकलात कशावर?

कोपऱ्यातला:
मग उलटं सांगा. रोग असा शेजारी पसरला की ते शहर फुटलं, म्हणजे आउटब्रेक; एकातून दुसरा अशी साखळीही लागते. आम्ही एका साखळीत तेच शहर दोनदा फुटल्याचं मोजायचो. नियम एकदाच म्हणतो. आठ आउटब्रेक भरायचे आणि हरायचो, कित्येक महिने. ते डाव आता जिंकल्यात धरू का? चूक आपल्या विरुद्ध गेली की कोणी हिशेब मागत नाही.

चिडलेली:
पण पुस्तिका वाचतं कोण, ते बोला ना! आमच्याकडे एकच जण वाचतो आणि मग सगळ्यांचे डाव तोच खेळतो. 'तू चेन्नईला जा, पत्ता हिला दे.' माझी फक्त सोंगटी. चूक त्याची, आणि हरलो की तोंडं सगळ्यांची पडलेली.

रविवारचा यजमान:
ताई, तो 'एकच जण' मीही आहे. शनिवारी रात्री वाचत बसायचं, रविवारी तेच चौघांना समजावायचं, आणि एक ओळ नजरेतून सुटली की बोलणी मला. पत्ता देताना दोघं त्याच शहरात हवेत, एवढंही कोणी लक्षात ठेवत नाही.

चिडलेली:
लक्षात कसं राहील? विचार करायची वेळच येऊ देत नाही तुम्ही. माझ्या भाचीने दोन डावांनंतर खेळणं सोडलं. अकरा वर्षांची आहे.

रविवारचा यजमान:
भाचीचं वाचून वाईट वाटलं. तेवढं मान्य. पण चार जण वाचायला तयार असते, तर मला बोलावं लागलं नसतं.

नियमाने:
मूळ मुद्दा राहिला. २०१५ च्या पँडेमिक लेगसीत काय कराल? त्या आवृत्तीत एका डावाचा परिणाम पुढच्या डावांतही राहतो. स्टिकर चिकटतात, पत्ते फाडले जातात. जिंकलं की पुढच्या डावात इव्हेंटचे, म्हणजे मदतीचे, दोन पत्ते कमी. चुकीच्या विजयाची किंमत पुढच्या महिन्यात भरावी लागते.

सोंगटीवाला:
तिथे तुमचं पटतं. पूर्ण नाही, पण पटतं. आम्ही असतो तर ते दोन पत्ते परत घेतले असते, स्टिकरला हात लावला नसता. साध्या पँडेमिकला मात्र हे लागू नाही.

चिडलेली:
आणि ते दोन पत्ते परत घ्यायचं ठरवणार कोण? पुन्हा तोच एक जण?

रविवारचा यजमान:
या रविवारी पुस्तिका तुम्ही वाचा. मी एक शब्द बोलणार नाही. भाचीलाही बोलवा.