मेट्स, एप्रिल आणि गुडघ्याला बाशिंग

एडिसनकर
गुरुवारी मेट्सचा, म्हणजे आमच्या न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमचा, २०२६ चा सीझन सुरू होतोय आणि आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आत्तापासूनच ऑक्टोबरच्या तिकिटांची चौकशी चालू आहे. बो बिशेट आला, मिल्वॉकीहून फ्रेडी पेराल्टा आला, आता १९८६ नंतरचा पहिला कप आपलाच! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. माझं म्हणणं असं की मे संपेपर्यंत स्टँडिंग्ज (कोण कितव्या नंबरवर ते कोष्टक) उघडूच नयेत. एप्रिलच्या निकालांवरून काहीही कळत नाही.

पुरावा घरचाच घ्या. २०२४ ला पहिल्या पाचही मॅच हरलो. २९ मेला २२ जिंकलेल्या, ३३ हरलेल्या. मी रोज टीव्हीसमोर बसून "विका रे सगळ्यांना" म्हणत होतो. तीच टीम ८९ मॅच जिंकून नॅशनल लीगच्या (बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक) फायनलला गेली. २०२५ ला बरोबर उलटं. १२ जूनला ४५-२४, अख्ख्या बेसबॉलमध्ये आपण एक नंबर. तिथून पुढे ३८-५५ आणि प्लेऑफसुद्धा नाही. पटत नसेल तर बोला.

फिलीकर
अजिबात पटत नाही. २०२५ चा शेवट सोयीस्करपणे गाळलात की काय? ८३-७९ वर तुम्ही आणि सिनसिनाटी बरोबरीत होतात. एकमेकांशी झालेल्या मॅचमध्ये ते वरचढ, म्हणून ते आत गेले आणि तुम्ही घरी. एकच मॅच जास्त जिंकली असतीत तर? ती एप्रिलमधली असती तरी चाललं असतं. सप्टेंबरच्या विजयाला काय दोन गुण मिळतात?

एडिसनकर
तो रविवार कशाला काढलात हो! २८ सप्टेंबर. सकाळी साडेदहापासून आशिया कपची फायनल, आमच्या बेसमेंटमध्ये दहा-बारा टाळकी. तिलक वर्माने पाकिस्तानच्या हातातून मॅच काढली आणि छताला हात लागेपर्यंत उड्या मारल्या सगळ्यांनी. नवरात्र चालू होतं, त्यामुळे साबुदाण्याच्या खिचडीचं दुसरं पातेलं खाली आलं, चॅनल बदलला आणि मेट्स-मायामी मॅच लावली. पाचव्या इनिंगला बेसेस लोडेड, म्हणजे तिन्ही बेसवर आपली माणसं, आणि बॅटिंगला आपला पीट अलोन्सो. असला कडक मारला की मी ताटली खाली ठेवून उठलो. चेंडू सरळ लेफ्ट फील्डरच्या ग्लोव्हमध्ये. शेवटी ४-० हरलो. आणि तिकडे सिनसिनाटीही हरली होती! आम्ही फक्त जिंकायचं होतं. खिचडी कुणी संपवली नाही.

पण त्याचं खापर एप्रिलवर कसं फोडणार? वाट लागली ती जूनपासून. १२ जूनच्याच मॅचमध्ये आपला पिचर (चेंडू टाकणारा) कोडाई सेंगा पहिल्या बेसवर उंच थ्रो झेलायला उडाला आणि मांडीचा स्नायू धरून बसला. एप्रिलमध्ये कोणत्या ज्योतिषाला हे दिसलं असतं?

द्राक्षबाग_नाशिक
मध्येच घुसतो, राग मानू नका. एका टीमच्या १६२ मॅच? आमच्या आयपीएलमध्ये पाच मॅचमध्ये चित्र स्पष्ट होतं. शितावरून भाताची परीक्षा!

आकडेमोड
@द्राक्षबाग_नाशिक, होतं का खरंच? मुंबई इंडियन्सने २०१३ ते २०२५ दर वर्षी पहिली मॅच देवाला सोडली. २०१५ ला पहिल्या सहांत एक जिंकली होती आणि शेवटी कप घेऊन गेले. हिशेब करा: १६२ पैकी १० मॅच म्हणजे आयपीएलच्या १४ च्या मापाने एक अख्खी मॅचसुद्धा होत नाही. आणि आपण दहा मॅचनंतर मॅनेजरला हाकलायला निघतो.

शिताची म्हण इथे लागू पडत नाही त्याचं अजून एक कारण. भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजतो म्हणून एक शीत दाबलं की कळतं. बेसबॉलमध्ये सुरुवात करणारा पिचर रोज वेगळा, एकदा टाकला की चार-पाच दिवस विश्रांती. म्हणजे पहिल्या पाच मॅचमध्ये तुम्ही पाच पातेल्यांतलं एकेक शीत चाखलेलं असतं.

ब्रॉन्क्सचा_बंड्या
मी यँकीजवाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या दुसऱ्या टीमचा, तरी यावेळी एडिसनकरांच्या बाजूने. मागच्या वर्षीचा आमचा दुसराच सामना आठवा. मिल्वॉकीच्या नेस्टर कोर्टेसच्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन होम रन (आपल्या सिक्सरसारखे). दिवसभरात नऊ, स्कोअर २०-९. आठवडाभर देशात दुसरा विषय नव्हता: टोकाच्या थोडं अलीकडे जाड आणि टोकाला निमुळती ती टॉर्पेडो बॅट. ऑफिसमधले ज्यांना स्ट्राइक आणि बॉलमधला फरक कळत नाही तेही मला बॅटच्या लाकडाबद्दल विचारायला लागले. मिल्वॉकी पहिल्या चारही मॅच हरली, लोकांनी त्यांचं तेरावं घातलं. सीझन संपला तेव्हा सर्वाधिक विजय कुणाचे? मिल्वॉकीचे. ९७.

अंदाज विचाराल तर यँकीज ९२, मेट्स ८७. मेट्सच्या चाहत्यांचं रडणं: ४ एप्रिलपासून.

फिलीकर
बंड्या, मिल्वॉकीचं उदाहरण दोन्हीकडून वाजतं. त्या ९७ मध्ये लॉस अँजलिसच्या डॉजर्सविरुद्ध ६-० होते. मग ऑक्टोबरला त्याच डॉजर्सनी त्यांना ४-० धुतलं. मग काय, सहा महिन्यांच्या सीझनलाच अर्थ नाही म्हणायचं? या न्यायाने आपण बघायचं तरी काय!

माझा मुद्दा वेगळा आहे. विजय-पराभव नका बघू, पण डोळे उघडे ठेवा. पिचरचा फास्टबॉल मागच्या वर्षीपेक्षा दोन मैलांनी मंद पडलाय का, हे तीन मॅचमध्ये दिसतं. वेग नशिबाने येत नाही. बॅटरचं ॲव्हरेज एप्रिलमध्ये फसवं असतं, मान्य. पण तो किती वेळा स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद) होतोय हे त्या मानाने लवकर स्थिर होतं. स्टँडिंग्ज झाकून ठेवा हो, पण रेडार गन कशाला झाकता?

शिवाय यंदा स्ट्राइक झोनचं चॅलेंज आलंय, म्हणजे चेंडू स्ट्राइक की बॉल या अंपायरच्या निर्णयाला आव्हान, आपल्या डीआरएससारखं. टीमला दोन, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. मागायचं ते बॅटर, पिचर किंवा कॅचरने, डोक्याला हात लावून. डगआऊटकडे बघून इशारे घ्यायचे नाहीत. कोणती टीम हे आधी शिकते ते एप्रिलमध्येच कळेल.

आकडेमोड
वेगाचा मुद्दा मान्य. पण मार्चअखेरीस न्यूयॉर्कच्या थंडीत तोच पिचर जुलैपेक्षा थोडा हळू टाकतो, तेवढी वजावट धरा.

लॉस_अँजलिसचा_लेले
कसले अंदाज लावताय? २०२४ डॉजर्स, २०२५ डॉजर्स. आता काइल टकर आमच्याकडे, मेट्सचा एडविन डियाझपण आमच्याकडे. धागा बंद करा.

सिॲटलचा_पाऊस
लेले, तुमच्यासारखी श्रीमंती सगळ्यांची नसते. आमची मरिनर्स १९७७ पासून खेळतेय, वर्ल्ड सीरिजचं, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या महाफायनलचं, तोंड एकदाही पाहिलेलं नाही. आजच्या तीस टीममध्ये अशी एकटीच. २००१ ला ११६ जिंकल्या, तरी नाही. मागच्या ऑक्टोबरला टोरोंटोत अमेरिकन लीग फायनलची सातवी मॅच, सातवी इनिंग, आम्ही ३-१ पुढे. मुलगी माझ्या मांडीवर झोपलेली म्हणून ओरडताही येईना. त्यांच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन रनचा होम रन ठोकला आणि ४-३. मी तसाच बसून राहिलो, पाय बधिर झाले तरी.

एडिसनकर म्हणतात, मे संपेपर्यंत आशा धरू नका. अहो, सगळे ०-० वर असतात असा वर्षातला एकच दिवस असतो. त्या दिवशीही हात आखडता घ्यायचा?

एडिसनकर
आशा धरू नका असं मी कुठे म्हटलं? हिशेब करू नका म्हटलं. फिलीकर, ८३-७९ चं गणित तुमचं बिनतोड आहे, तेवढं मागे घेतो. विजय एप्रिलचा असो की सप्टेंबरचा, किंमत एकच. पण किंमत असणं वेगळं आणि त्यावरून भविष्य कळणं वेगळं. अलोन्सो बाल्टिमोरला गेला, निम्मो टेक्ससला. नवी मंडळी एकत्र कशी खेळतात ते कळायला महिना-दीड महिना द्याच की. स्टँडिंग्ज मी ३१ मेला उघडणार, यावर ठाम.

ब्रॉन्क्सचा_बंड्या
काका, खरं सांगा. गुरुवारी रजा टाकलीये ना?

एडिसनकर
अर्धा दिवस. दात दाखवायला जायचंय असं सांगितलंय.