प्रतिसाद: मांजरी दुसरीकडे सोडून प्रश्न सुटत नाही

वर कुणीतरी सुचवलंय की सोसायटीतल्या मांजरी पोत्यात भरून मच्छी मार्केटपाशी सोडाव्यात, तिथे त्यांना खायला मिळेल. नाही हो मिळत! तिथल्या बोक्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. नवखी मांजर मार खाते नाहीतर गाडीखाली येते. शिवाय प्राण्याला उपासमार होईल असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि आपला कचऱ्याचा डबा उघडाच राहिला, तर मोकळ्या जागेत दुसऱ्या मांजरी येणारच.

नसबंदीला पर्याय नाही. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहते. पकडायच्या आदल्या रात्री सगळ्यांनीच खाणं बंद ठेवायचं (इथेच घोडं अडतं, कुणीतरी गुपचूप पोळी टाकतंच). पिंजऱ्यात थोडी सुकट पुरते. दार पडलं की लगेच वर जुनी चादर टाका, अंधार झाला की धडपड कमी होते. थानं भरलेली दिसली तर आधी पिल्लं शोधा. भुलेत असतानाच डॉक्टरांकडून कानाचं टोक कापून घ्या, म्हणजे नसबंदी झालेली ओळखू येते आणि तीच मांजर पुन्हा पकडली जात नाही.

दूध ठेवणाऱ्या काकूंना विनंती: मोठ्या मांजरींना ते बहुधा पचत नाही, जुलाब होतात आणि जिन्याची तक्रार पुन्हा आपल्याकडेच येते. पाणी ठेवा. आजारी दिसली म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नका, मांजरीला ते विष आहे.