मदत हवी आहे: गणपतीच्या आराशीसाठी मुलांनी करायचे कागदाचे प्राणी (बडोदा)

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत गणपती बसतो आणि यंदाची आरास मुलांनी करायची असं ठरलंय. विषय त्यांनीच निवडला: विश्वामित्री नदीचा काठ. मगर हवीच, शिवाय बगळे, बेडूक, होड्या. बडोद्याच्या मुलांना मगर काही चित्रातली नाही. २०२४ च्या ऑगस्टातल्या पुरात मगरी वस्तीत शिरल्या होत्या, ते मोठ्या मुलांना लख्ख आठवतं. थर्माकोल नको, सगळं कागदाच्या घड्यांचं करू, हे मी सुचवलं.

मुलं पाच ते दहा वर्षांची आहेत. माझी अट एकच, वस्तू मुलानं स्वतः पुरी केलेली असावी. शेवटच्या अवघड घड्या मोठ्यांनी घातलेला देखणा मोर मला नको. पाच वर्षांच्या मुलीनं केलेलं वाकड्या कानांचं मांजर मखराच्या अगदी पुढे ठेवीन, कारण येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतः हात धरून ते दाखवायला नेणार आहे.

होड्या सगळ्यांना येतात, एका आजोबांनी नांगरहोडीही शिकवली. कुत्र्याचं तोंड लहानांनाही जमतं: चौरसाचा त्रिकोण, लांब बाजू वर, दोन कोपरे खाली दुमडले की कान, खालचं टोक मागे वळवलं की हनुवटी. डोळे काढताना तर हॉलमध्ये शांतताच पसरते.

अडलंय ते मगरीवर. व्हिडिओत ‘सोपी’ म्हणून दाखवतात ती दहा वर्षांच्या मुलालाही जड जाते. दुसरं, या हवेत कागद मऊ पडतो, घडी बसत नाही. उत्तरायणात गेंडीगेटहून आणलेले बरेच पतंग उरलेत, त्यांचा कागद चालेल का? आणि मी समोर बसून दाखवते तेव्हा धाकटी मुलं हमखास उलट बाजूला दुमडतात. यावर काय करता?

बालवाडीताई

ताई, शेवटचं आधी सांगते, कारण ते सर्वांत सोपं आहे. समोर बसू नका, मुलांच्याच बाजूला, त्यांच्याच दिशेला तोंड करून बसा. समोरून तुमचा डावा हात त्यांना उजवीकडे दिसतो. तुमचा कागद मोठा घ्या, कॅलेंडरच्या पानाचा चौरससुद्धा चालेल. एका बाजूला रंग असलेला कागद असला तर ‘पांढरी बाजू वर’ एवढं सांगून भागतं. आणि सतरंजीवर नको, पाट किंवा टेबल हवं. कडक पृष्ठभागाशिवाय घडीवर नख नीट फिरत नाही. ओरिगामीचे कागद बहुधा १५ सेंटीमीटरचे असतात, पण पाच वर्षांच्या हातांना २० बरा. ए-फोर कागदाचा २१ सेंटीमीटरचा चौरस निघतो, तोच वापरा.

आता मगर. ही चौरसातून करूच नका, अख्खा हिरवा ए-फोर घ्या. लांबीच्या दिशेनं तीन पदरी दुमडा म्हणजे साधारण ७ सेंटीमीटर रुंद पट्टी होते. ती मधोमध दुमडून निम्मी करा. मग वरचं टोक उलट बाहेर वळवून मधल्या घडीला भिडवा, तसंच खालचं. झालं तोंड! मागच्या बाजूला पदरांमध्ये दोन खिसे तयार होतात. वरच्यात चार बोटं, खालच्यात अंगठा घातला की जबडा उघडतो आणि मिटतो. पांढऱ्या पट्टीचे दात कापून आत चिकटवा. धड हवं तर दुसऱ्या पट्टीच्या पंख्यासारख्या चुण्या करून मागे जोडा. आमच्या वर्गात तर आधी सगळ्या मगरी एकमेकींना चावून घेतात, मगच पुढचं काम सुरू होतं.

काळाघोडा

एक भर. आमच्या नदीतल्या मगरीचं तोंड चांगलंच रुंद असतं, त्यामुळे ही ७ सेंटीमीटरची पट्टी शोभेल. डोळे मात्र बाजूला चिकटवू नका, डोक्याच्या वर उठून दिसतील असे लावा. विश्वामित्रीवरच्या काळाघोड्याच्या पुलावरून पाहिलंत तर पाण्यावर पुष्कळदा तेवढेच दिसतात. मुलांना एकदा कठड्यापाशी नेऊन दाखवा, मग कुणाला सांगावं लागणार नाही.

घडीकाम

पतंगाचा कागद लहानांना देऊ नका. पातळ असतो, घसरतो आणि घामेजल्या हातांना रंग लागतो. नऊ-दहा वर्षांच्यांना छोट्या घड्यांसाठी चालेल. मी तर तो नदीच्या पाण्यासाठी ठेवीन: निळे-हिरवे तुकडे एकावर एक चिकटवले की प्रकाश आरपार जातो.

दमट हवेसाठी कागद आदल्या रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, लागतील तेवढेच बाहेर काढा. गंमत म्हणजे जपानचे ओरिगामी कलावंत अकिरा योशिझावा (१९११–२००५) मुद्दाम जाड कागद किंचित ओला करून घडी घालत. वाळल्यावर तो आकार धरून ठेवतो. पण ते मोठ्यांचं काम. पुस्तकांत घड्यांसाठी बाण आणि तुटक रेघा दिसतात, ती पद्धतही मुळात त्यांचीच. दहा वर्षांच्या मुलांना त्या खुणा वाचायला शिकवा, मग ती तुमच्यावर अवलंबून राहणार नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती

बालवाडीताई, मगर आजच करून पाहिली. सगळ्यांत धाकट्यानं एकट्यानं केली, फक्त तीन पदर करायला मी पेन्सिलनं दोन रेघा मारून दिल्या. इतका आनंद झालाय की कुणाला सांगू असं झालंय! आता बगळ्याचं सांगा. मान उभी राहत नाही.

घडीकाम

पांढरा चौरस घ्या. कर्णावर घडी घालून उघडा, दोन कडा त्या रेघेला भिडवा म्हणजे आइस्क्रीमच्या कोनासारखा आकार होतो. पालथा करून कडा पुन्हा मधल्या रेघेला आणा. मग निमुळतं टोक वर नेऊन बोथट टोकाला टेकवा, चोचीपुरतं थोडं खाली वळवा. आता मान बाहेरच्या बाजूला राहील असा सगळा आकार मधोमध उभा दुमडा. मान दोन बोटांनी वर ओढा आणि ओढलेल्या जागी, अगदी बुडाशी, घट्ट दाबा. मान पडते ती बहुतेक वेळा तिथलं दाबणं राहिल्यामुळेच. चोचीला पिवळा स्केचपेन लावायचा तर घड्या घालण्याआधीच टोकाला लावून वाळू द्या.